आमच्या लालबागची गेलेली दुकाने आणि जुन्या गाड्या



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे झाली म्हणून स्मरणिका काढायचे ठरले, आणि अध्यक्षाबाईंनी मला सांगितले की, "तुम्ही आपल्या भागाचा इतिहास लिहा." मला हसूच आले. मी सातवी शिकलेली बाई. इतिहास म्हटले की मला शिवाजीमहाराज आणि पानिपत एवढेच आठवते. पण बाई म्हणाल्या, "राजेलोकांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या नाक्यावरच्या वाण्याच्या दुकानाचा कोण लिहिणार?" तेव्हा धीर केला. काही माझ्या डोळ्यांनी पाहिलेले, काही आईने आणि सासूबाईंनी सांगितलेले, आणि तारखा तेवढ्या वाचनालयात बसून टिपून घेतलेल्या, असे हे सगळे आहे. भाषेत चुका असतील तर पदरात घ्याव्यात.

आधी गाड्यांविषयी लिहिते, कारण सासूबाईंचा तसा हुकूमच आहे. त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे. परवा त्या सतराव्या मजल्याच्या खिडकीतून खाली बघत होत्या आणि मला म्हणाल्या, "इथून ट्राम जायची. सांगून ठेव मुलांना, नाहीतर म्हणतील म्हातारीला भ्रम झाला."

भ्रम मुळीच नाही. मुंबईत ट्राम सुरू झाली ती ९ मे १८७४ रोजी. तेव्हा ती घोडे ओढत असत. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे दोन मार्ग होते, आणि कंपनीकडे वीस गाड्या व दोनशे घोडे होते. भाडे तीन आणे. तीन आणे म्हणजे त्या काळच्या कष्टकऱ्याला चैनच, म्हणून पुढे ते कमी करावे लागले. घोडे जाऊन विजेची ट्राम आली ती ७ मे १९०७ ला, आणि १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. परळ रोड, म्हणजे आताचा डॉ. आंबेडकर रस्ता, त्याच्यावरून ट्राम लालबागहून दादरला जाई. दादरला जिथे ती थांबे त्याला ट्राम टर्मिनस म्हणत. आपण आजही टॅक्सीवाल्याला "दादर टी. टी." सांगतो, ते टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली तरी नाव तिने सोडलेले नाही. किती जणींना हे ठाऊक होते? मला नव्हते.

सासूबाई सांगतात की, ट्रामला आतून लाकडी बाके होती. शेवटच्या ठिकाणी ट्राम वळायची नाही, बाकांच्या पाठीच उलट्या करायच्या, की पुढचे मागे आणि मागचे पुढे. ड्रायव्हर उभ्यानेच चालवी आणि पायाने घंटा वाजवी. ती इतकी सावकाश जाई की, धावत जाऊन चढता यायचे. बायकांना मात्र धावता यायचे नाही, नऊवारीत आणि कडेवर मूल असताना कसल्या धावतात! त्या थांब्यावरच थांबायच्या.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदरहून दादरकडे निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसांची ही गर्दी! पुरुषमंडळी लोंबकळत तिच्यातून गेली. सासूबाई तेव्हा नव्या लग्नाच्या, एकोणीस वर्षांच्या. चाळ रस्त्यालाच लागून होती. खाली उतरून बघायची त्यांना फार इच्छा होती, पण सून रात्री रस्त्यावर कशी जाईल? त्यांनी कठड्यावरून पाहिली. त्यांना फक्त ट्रामचे छप्पर आणि माणसांची डोकी दिसली. "घंटा मात्र नीट ऐकू आली," असे त्या म्हणतात. लग्नानंतर त्या एकदाच ट्राममध्ये बसल्या होत्या, दादरला मावशीकडे जाताना. त्या गेल्या त्या गेल्याच. परत येताना बसने आणले.

ट्रामचे रूळ काढले नाहीत, काही ठिकाणी वर नुसते डांबर घातले. हुतात्मा चौकात अलीकडे काम चालले होते तेव्हा ते जमिनीतून वर आले आणि वर्तमानपत्रात फोटो छापून आले. सासूबाईंनी तो फोटो कापून देवाच्या पोथीत ठेवला आहे.

बसगाडीचा इतिहास त्या मानाने धाकटा. पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. दुमजली बस १९३७ मध्ये आली. ७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, हा सगळा कारभार कंपनीकडून महापालिकेने घेतला. मध्येच १९६२ साली गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी तारेवर चालणारी ट्रॉलीबसही काढली होती. ती १९७१ ला बंद पडली. आमच्या भागाशी तिचा संबंध नाही, तेव्हा तिच्यावर शाई खर्च करीत नाही.

दुमजली बसची गोष्ट मात्र माझी स्वतःची आहे. लहानपणी वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा मिळाली की राजाच्या अंबारीत बसल्यासारखे वाटायचे. झाडांच्या फांद्या काचेवर सपासप आपटायच्या आणि आम्ही मुले दर वेळी डोकी खाली घालायचो. चाळींच्या पहिल्या मजल्यांवरच्या खोल्या आतपर्यंत दिसायच्या. कोणी केस विंचरते आहे, कोणी पापड वाळत घालते आहे. डिझेलवरची शेवटची दुमजली गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीला धावली. लोकांनी तिला हार घातले. आता विजेवर चालणाऱ्या थंडगार दुमजली गाड्या आल्या आहेत, त्या २०२३ च्याच फेब्रुवारीत सुरू झाल्या. बसून पाहिले. चांगल्या आहेत, उगाच कशाला नावे ठेवू? पण काचा उघडत नाहीत.

आमच्या आईला अक्षरओळख नाही. तिला आकडे कळायला लागले ते बसमुळे. बेस्टच्या गाडीवर पुढे नंबर मराठी आकड्यांत असतो हे आपण रोज बघतो आणि विसरून जातो. कोकणातून लग्न होऊन आलेल्या आईला बाबांनी पहिल्या महिन्यात रस्त्यावर उभे करून ते शिकवले. एक म्हणजे वाकलेली पळी, चार म्हणजे गाठ मारलेली दोरी, आठ म्हणजे कौलारू छपराची एक बाजू. एक आणि नऊ यांत तिची फार गफलत व्हायची. एकदा बोरीबंदरला ती एक समजून नऊच्या गाडीत बसली आणि भलत्याच वाटेला लागली. कंडक्टर भला माणूस होता. त्याने खाली उतरवून, रस्ता ओलांडून देऊन, योग्य थांब्यावर उभे केले आणि परतीच्या भाड्यातले सुटे पैसे हातावर ठेवले. आईने त्या दिवसापासून नऊला "फसवा एक" असे नाव ठेवले आहे. लिमिटेड गाडीचा आकडा तांबडा असे, तेव्हा तांबडा दिसला की थांबा नीट विचारून घ्यायचा, हा दुसरा धडा. शाळेत न गेलेल्या किती बायका या मुंबईत अशा आकडे शिकल्या असतील, त्याची मोजदाद कुठे झालेली नाही.

आता दुकानांकडे वळते.

लालबाग, परळ, भायखळा, शिवडी, वरळी या सगळ्या टापूला गिरणगाव म्हणत. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली आणि १८५६ ला ती ताडदेवला चालू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांच्या भोवती चाळी, आणि चाळींच्या खाली दुकाने. दुकानांची घड्याळे भिंतीवर नव्हती, गिरणीच्या भोंग्यावर होती. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी इराण्याचे दार उघडे असायचे. माणसे उभ्या उभ्या चहात पाव बुडवून खायची आणि पळायची. दुपारी पाळी सुटली की भाजीवाल्या रस्त्यावर मांडायच्या. रात्रपाळीसाठी पानाची गादी मध्यरात्रीपर्यंत जागी. महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास गिरणीचा पगार होई, त्या दोन दिवसांत आमच्या गल्लीत लग्नघरासारखी झुंबड असे. चौथ्या दिवशी पुन्हा सगळे उधारीवर.

लालबागच्या बाजाराची एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण ती आता लाखो लोक ज्याच्या पायाशी जातात त्या राजाची गोष्ट आहे. पेरू चाळीत पूर्वी बाजार भरत असे. तो १९३२ मध्ये बंद झाला. मासे विकणाऱ्या कोळिणी आणि बाकीचे विक्रेते उघड्यावर आले, उन्हापावसात बसू लागले. त्यांनी गणपतीला नवस केला की, बाजाराला हक्काची जागा मिळू दे. जागा मिळाली, आणि १९३४ साली त्यांनी गणपती बसवला, तोही कोळ्याच्या वेषात. नवसाला पावणारा म्हणून आज रांगा लागतात, पण पहिला नवस होता तो दुकानाच्या जागेचा. त्या कोळिणींची नावे कुठे लिहिलेली मला मिळाली नाहीत.

आमच्या गल्लीच्या तोंडाला इराणी होता. गोल संगमरवरी टेबले, काळ्या लाकडी खुर्च्या, भिंतीला मोठाले आरसे. आत एका बाजूला लाकडी आडोसा करून 'फॅमिली'साठी जागा केलेली असे, पण आमच्या चाळीतली बाई तिथे बसलेली मी कधी पाहिली नाही. आम्ही बाहेरूनच पाव, अंडी, बर्फ आणि पाहुणे आले तर खारी बिस्किटे घ्यायचो. मी पहिल्यांदा इराण्याकडे टेबलाशी बसले ती लग्न ठरल्यावर, आणि तो इराणीही आमच्या गल्लीतला नव्हता. तो तोवर गेला होता. त्याच्या जागी बँकेचे पैसे काढायचे यंत्र बसले.

कोळशाची वखार गॅस आला तशी गेली. वखारवाली म्हातारी स्वतः काट्यावर कोळसा तोलायची, तिच्या हाताच्या रेषांतसुद्धा काळे भरलेले असे. कल्हईवाला स्टीलची भांडी आल्यावर गेला. कटपीसवाला गिरण्यांबरोबर गेला. त्याच्याकडे गिरणीतून आलेले उरलेसुरले तुकडे वजनावर मिळत. आमचे परकर, पोलकी, बाबांचे लेंगे, गोधड्यांचे अस्तर, सगळे त्यातून निघे. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्हा चार बहिणी-मैत्रिणींचे झगे एकाच फुलांच्या कापडाचे निघाले आणि बाईंना वाटले, आमचे नृत्य आहे.

मसाल्याचे डंक आणि मिरचीवाले मात्र अजून टिकून आहेत. एप्रिल-मे महिन्यात लालबागेतून जाताना आजही शिंका येतात, आणि त्या शिंकांनी मला बरे वाटते.

खानावळींविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ते दुकानच होते, फक्त त्याला पाटी नव्हती. गिरणीत काम करणारे किती तरी गडी एकटे असत. बायको-मुले गावाला, आणि इथे एका गाळ्यात दहा-बाराजण, पाळीपाळीने झोपणारे. त्यांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या त्या खानावळवाल्या. माझी आई त्यांतली एक. तिच्याकडे बारा मेंबर होते. पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापायची. कोणी गावाला गेला की त्याचा खाडा धरायचा, महिन्याच्या शेवटी हिशेब. या बायका सकाळी दागिना गहाण ठेवून धान्य आणायच्या आणि पगाराला सोडवायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि अशा बायकांना बँकेकडून कर्ज मिळवून दिले. ज्या बाईच्या नावावर काडी नव्हती तिला बँकेच्या साहेबाने खुर्ची दिली, ही केवढी गोष्ट! आपण आज मंडळात बचतगटाचे हप्ते भरतो, तेव्हा त्या बायकांची आठवण ठेवली पाहिजे. आईने मात्र ते कर्ज घेतले नाही. सही करता येत नाही याची तिला लाज वाटली. तिचा सगळा व्यवहार नाक्यावरच्या शेठच्या दुकानात.

शेठचे दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. पुढे तांदळाची, डाळीची उघडी पोती, गोणपाटाच्या कडा गुंडाळलेल्या. वर टांगलेला तराजू. गादीवर शेठ, आणि त्यांच्या मांडीशी लाल कापडाची लांबुळकी वही. त्या वहीत सगळी चाळ होती. आमच्या आईचे नाव त्यांनी गुजराती अक्षरांत लिहिलेले असे. आईला ना मराठी वाचता येई ना गुजराती, पण वहीतले आमचे पान तिला वरच्या तेलाच्या डागावरून ओळखू येई. घरी तिचा स्वतःचा हिशेब दाराच्या मागे भिंतीवर गेरूच्या रेघांनी असे. महिन्याच्या शेवटी रेघा आणि वही जुळायच्या. एकदाही वाद झाला नाही.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, कोण चुकले, कोण बरोबर, ते शहाण्यांनी ठरवावे. मी तेव्हा तीन वर्षांची होते. मला आठवते ती शांतता. खरे सांगायचे तर आठवत नसेल, आईने इतक्या वेळा सांगितले की, आठवते असे वाटते. भोंगा व्हायचा थांबला. बाबा साळखात्यात होते. पहिले दोन महिने सगळ्यांना वाटले, आज मिटेल, उद्या मिटेल. आईने मेंबरांना जेवू घालणे चालूच ठेवले. "भुकेला माणूस दारात असताना चूल कशी बंद करायची?" मेंबरांकडे पैसे नाहीत, म्हणून आईकडे पैसे नाहीत, म्हणून शेठकडे उधारी. शेठ वहीत लिहीत गेले. पावसाच्या तोंडावर एकेक मेंबर गावाला निघाला. जाताना आईच्या पाया पडले, म्हणाले, "वहिनी, संप मिटला की पहिला पगार तुमचा." संप कधी मिटलाच नाही. तो मागे घेतल्याचे कोणी जाहीर केले नाही, आणि पुष्कळ गिरण्याही पुन्हा पहिल्यासारख्या चालल्या नाहीत. बारांपैकी दोघांनी गावाहून मनिऑर्डर पाठवली. एकाने फणस पाठवला. बाकीच्यांना आई दोष देत नाही.

शेठच्या वहीत आमचे चारशे बारा रुपये झाले होते. आजच्या मुलींना हा आकडा किरकोळ वाटेल. तेव्हा आमच्या घरात एकदम शंभराची नोट कोणी पाहिलेली नव्हती.

आईने खानावळ मोडली आणि दादरला हिंदू कॉलनीत पोळ्या लाटायला जाऊ लागली. जाताना लालबाग ते टी. टी. चालत जायची, भाडे वाचवायला, आणि येताना पाय चालेनासे झाले की बसने. जाण्याचे वाचलेले पैसे ती मोहरीच्या डब्यात टाकायची. महिन्याला पाच, कधी दहा रुपये जमले की ते शेठकडे पोचवायचे काम माझे. मी पाच-सहा वर्षांची. मुठीत नोट घट्ट धरून जायची, शेठ वही उघडायचे, काट मारायचे आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. परत येऊन मी सांगितले की, आई ओल्या फडक्याने भिंतीवरच्या रेघा पुसायची. शेठने संपाच्या काळात कधी तगादा लावला नाही. "बाई, आरामसे," एवढेच. पण पोती हळूहळू कमी झालेली मलासुद्धा कळत होती. आधी बासमती गेला, मग साबण गेले, मग तुरडाळीच्या पोत्याच्या जागी डबा आला.

१९८५ च्या मे महिन्यात आम्ही गावाला गेलो. जूनमध्ये आलो तर दुकानाला कुलूप. शेजारच्या न्हाव्याने सांगितले की, शेठ गाळा देऊन गेले, घाटकोपरला मुलाकडे गेले म्हणतात. वही बरोबर नेली की टाकली, कोणास ठाऊक. भिंतीवर आईच्या सदुसष्ट रेघा उरल्या होत्या.

दुकाने का गेली, असे विचारले तर लोक म्हणतात मॉल आले. मॉल पुष्कळ नंतर आले. गिरण्यांच्या जागा विकण्याचे नियम १९९१ मध्ये झाले, ते पुढे २००१ मध्ये बदलले, आणि मग फिनिक्स मिलसारख्या ठिकाणी काचेचे महाल उभे राहिले. लालबागचा उड्डाणपूल झाला तो २०११ साली. आमचे शेठ त्याच्या कितीतरी आधी गेले. ते आमच्यासारख्यांच्या उधारीने गेले. आईचे म्हणणे असे की, चाळीतल्या प्रत्येक घराचे साठ-सत्तर जरी धरले तरी एका दुकानाचा जीव जातो. मी तिला समजावते की, गिऱ्हाईकच उरले नाही तर शेठ काय करणार, तुझ्या सदुसष्ट रुपयांनी काय होणार होते? ती ऐकून घेते आणि विषय बदलते.

मी सातवी पास झाले त्या वर्षी, १९९२ ला, शाळा सोडली. आई पहाटे जायची, बाबा रखवालदारीची रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपायचे, धाकट्या दोन भावांचे डबे, पाणी भरणे, सगळे माझ्याकडे आले. बाईंनी घरी येऊन आईला समजावले होते. आईने त्यांना चहा दिला, पण उत्तर दिले नाही. असो. इथे ते लिहायचे नव्हते, ओघात आले.

लग्नाच्या आधी एका रविवारी आई मला म्हणाली, "चल, घाटकोपरला जाऊ." मोहरीचा डबा पिशवीत घेतला होता. दोन गाड्या बदलून आम्ही गेलो. आईने दोन्ही गाड्यांचे आकडे स्वतः ओळखले. उतरल्यावर स्टेशनाजवळच्या पहिल्याच वाण्याला तिने विचारले, "लालबागचे शेठ इथे कुठे राहतात?" त्याने विचारले, "नाव काय त्यांचे?" आई माझ्याकडे बघू लागली, मी आईकडे. आम्हाला नाव ठाऊकच नव्हते. चौदा-पंधरा वर्षे त्यांच्या वहीत आमचे नाव होते, आडनाव होते, खोली नंबर होता, आणि आमच्याकडे त्यांचे काय होते तर 'शेठ'. त्या वाण्याने हसू दाबले, पण अपमान केला नाही. म्हणाला, "माजी, इथे सगळेच शेठ आहेत." तरी आम्ही बारा-तेरा दुकाने फिरलो. एकाने पाणी दिले. एकाला वाटले आम्ही वर्गणी मागतो आहोत. संध्याकाळी परत आलो. येताना दुमजली गाडी मिळाली होती आणि वरची पुढची जागा रिकामी होती, पण आई वर चढली नाही, तिचे गुडघे दुखत होते. आम्ही खालीच बसलो.

आमची चाळ पाडली तेव्हा ती भिंतही गेली. आई आता भावाकडे राहते. डबा तिच्याजवळ आहे. त्यात दहाच्या, पाचच्या, दोनच्या आणि एकच्या नोटा आहेत, मिळून सदुसष्ट. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वह्या पूजतात, त्या संध्याकाळी आई तो डबा पुसून पाटावर ठेवते, हळदकुंकू वाहते आणि दुसऱ्या दिवशी परत फळीवर ठेवते. गेल्या दिवाळीत मी म्हटले, "आई, आमच्या मंडळाचा पंचविसावा वाढदिवस आहे, हे पैसे मंडळाच्या निधीला देऊ का? शेठच्या नावाने पावती करीन."

आई म्हणाली, "कोणत्या नावाने?"

आणि डबा तिने माझ्या हातातून काढून घेतला.